कोरोना आणि लहान मुलांचे पोट: उलट्या-जुलाब केव्हा साधे, केव्हा घाईचे

विचारलेला प्रश्न असा: घरातल्या मोठ्या माणसांना नुकताच कोरोना होऊन गेला. आता मुलाला ताप आहे, उलट्या होताहेत, शी पातळ होते, पोट दुखते. सर्दी-खोकला मात्र अजिबात नाही. हा कोरोनाच असू शकतो का, घरी काय करायचे आणि हॉस्पिटल केव्हा गाठायचे?

असू शकतो. पण औषधाआधी एक गोष्ट कागदावर लिहा: घरात पहिल्या माणसाला ताप आला ती तारीख. कोरोनामुळे मुलांच्या पोटाची तक्रार दोन वेगवेगळ्या वेळी येते. पहिली संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत. दुसरी संसर्ग होऊन दोन ते सहा आठवडे उलटल्यावर, म्हणजे घरात सगळे बरे होऊन कोरोनाचा विषयही मागे पडलेला असतो तेव्हा. दोन्ही वेळी ताप, उलट्या, जुलाब आणि पोटदुखी असते, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. पहिल्या दुखण्यात शरीरातले पाणी कमी पडण्याचा धोका असतो, दुसऱ्यात हृदयाला. पहिल्यात भरपूर पाणी द्यायचे असते, दुसऱ्यात सलाईन मोजूनमापून. म्हणून तारीख महत्त्वाची.

कोरोनाचा विषाणू श्वासाचा, मग पोटात काय करतो, हे अनेकांना कोडे वाटते. हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि टीएमपीआरएसएस-२ हे विकर (एन्झाइम) त्याला आत शिरायला मदत करते. लहान आतड्याच्या अस्तरावर, विशेषतः शेवटच्या भागात, ही दोन्ही मुबलक असतात. तिथे संसर्ग झाला की पाणी आणि क्षार शोषून घेणाऱ्या पेशींचे काम बिघडते आणि शी पातळ होते. कोरोना कुळातल्या विषाणूंना आतडे नवे नाही. डुकरांच्या पिलांना जीवघेणे जुलाब लावणारे कोरोना विषाणू पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत, आणि १९७५ मध्ये वेल्लोरच्या संशोधकांनी माणसांच्या शौचातही तशा आकाराचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

पहिले दुखणे: संसर्गाच्या दिवसांतले

हे बहुतेक मुलांमध्ये सौम्य असते. दिवसातून तीन-चार पातळ शी, एक-दोन दिवस उलट्या, बेंबीभोवती दुखणे, अन्नावरून वासना उडणे. काही मुलांना सर्दी-खोकला होतच नाही आणि पोटाची तक्रार हेच एकमेव लक्षण असते. शी पाण्यासारखी असते, तिच्यात रक्त नसते. रक्त किंवा शेंबडासारखा आव दिसला तर कोरोनाचा विषय बाजूला ठेवून आमांश किंवा दुसरे कारण शोधावे लागते. दोन ते चार दिवसांत शी घट्ट होऊ लागते.

या टप्प्यावर कोरोनाची चाचणी करायचीच असेल तर नाकातल्या स्रावाची करा. शौचाची पीसीआर तपासणी उपचारासाठी उपयोगाची नाही. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या ग्वांगझू शहरात १० बाधित मुलांचा पाठपुरावा झाला. त्यांपैकी ८ जणांच्या नाक-घशाचा नमुना निगेटिव्ह आल्यावरही गुदद्वारातला नमुना पॉझिटिव्हच येत राहिला. विषाणूचे अवशेष आतड्यातून बरेच दिवस बाहेर पडत राहतात. पुण्यासारख्या शहरांत सांडपाण्यावरून साथीचा माग काढता आला तो याचमुळे. पण अवशेष सापडणे आणि जिवंत विषाणू असणे यांत फरक आहे. शौचातून जिवंत विषाणू फार क्वचित मिळाला आहे आणि शौचावाटे घरात कोरोना पसरल्याचा भक्कम पुरावा नाही. तरीही लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवाच. हातावरचे सॅनिटायझर इथे पुरेसे नाही, कारण त्याच मुलाला रोटा किंवा नोरोचा संसर्ग असेल तर नोरोसारखे विषाणू अल्कोहोलला फारशी दाद देत नाहीत.

उपचार म्हणजे मुख्यतः ओआरएस. नाव सगळ्यांना माहीत असते, पण चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. मिळून साधारण साडेवीस ग्रॅम. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दाराने, ठरावीक प्रमाणात आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हे दार बहुतांशी शाबूत असते. म्हणून ओआरएस चालते आणि नुसते पाणी तितके चालत नाही. साखर जास्त झाली की उलटे होते: न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. डबाबंद फळांचा रस, शीतपेये, ग्लुकोज पावडरचे पाणी ही सगळी याच कारणाने वर्ज्य. औषधाच्या दुकानात कागदी खोक्यांतून मिळणारी, नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेयेही ओआरएस नव्हेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, तेवढे वाचा.

दुकानात दोन आकारांच्या पुड्या मिळतात: एक लिटरची मोठी आणि २०० मिलिलिटरची छोटी. सर्वांत धोक्याची चूक म्हणजे मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळून देणे. त्यात मीठ पाचपट होते, रक्तातले सोडियम चढते आणि बाळाला झटके येऊ शकतात. ‘थोडी आता, थोडी संध्याकाळी’ अशी पुडीही वाटून वापरू नका, कारण भुकटीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. उकळून गार केलेले पाणी एक लिटरच्या बाटलीने मोजा, पूर्ण पुडी एकदम टाका, ढवळा, झाकून ठेवा. चोवीस तासांनी उरलेले फेका. मिसळल्यावर उकळू नका, वरून साखर घालू नका. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालते. चमचा शीग भरून घेतला की प्रमाण बिघडते, आणि या पाण्यात पोटॅशियम नसते, म्हणून ही सोय तात्पुरतीच.

किती द्यायचे? मूल पाणी पीत आहे, लघवी होते आहे, खेळते आहे, तर प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. डोळे खोल गेले आहेत, मूल चिडचिडे आहे, पाणी दिसले की अधाशासारखे पिते, पोटाच्या कातडीला चिमटा काढल्यावर घडी सावकाश बसते, यांतली दोन लक्षणे असली तर किलोमागे ७५ मिलिलिटर चार तासांत, शक्यतो दवाखान्यात नजरेखाली. दहा किलोच्या मुलाचा हिशोब करा: चार तासांत ७५० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला तीन मिलिलिटर, म्हणजे दर दीड मिनिटाला पाच मिलिलिटरचा एक चमचा. ‘पोटात काही राहतच नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा तहानलेल्या मुलाने अर्धा पेला एका दमात प्यायलेला असतो. भरलेले पोट ताणले की उलटी होणारच. उलटी झाली की दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चमच्याने सुरू करा, आधीपेक्षा सावकाश. बाटलीने देऊ नका. चमचा किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. आईला किंवा बाबांना तासन् तास शेजारी बसावे लागते, हे खरे आहे. पण असे बसल्याने सलाईन टळते.

एवढे करूनही उलट्या थांबत नसतील तर डॉक्टर ऑन्डान्सेट्रॉनचा एक डोस देतात. तोंडाने द्यायचा तर ८ ते १५ किलोला २ मिलिग्रॅम, १५ ते ३० किलोला ४, त्याहून जास्त वजनाला ८. डोस दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ओआरएस पुन्हा चालू करायचे. घरात बाटली उरली आहे म्हणून दिवसातून तीनदा देत राहणे योग्य नाही. एकतर त्याने जुलाब थोडे वाढतात. दुसरे, ते हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करते, आणि पोटॅशियम उतरलेल्या किंवा हृदयाला सूज असलेल्या मुलात तो परिणाम महागात पडतो.

झिंक द्या: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांपुढे २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून झिंक थांबवायचे नसते. त्याचा फायदा पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब न होण्यातही असतो. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड मुलांना अजिबात नको. आतड्याची हालचाल थांबून पोट फुगते आणि आत पाणी साठते, शी थांबलेली दिसते पण शरीर कोरडेच पडत राहते. अँटिबायोटिकला विषाणूवर काही काम नसते, उलट आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची हानी होऊन जुलाब लांबतात. प्रोबायोटिकच्या पुडीने फार तर थोडा फरक पडतो. पैसे मोजकेच असतील तर ते ओआरएस आणि झिंकवर खर्च करा.

तापासाठी पॅरासिटॅमॉल, वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. आपल्याकडे हे औषध तीन ताकदींत मिळते आणि घोटाळा तिथेच होतो. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे या बाळाला दीड मिलिलिटर. साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ असते, म्हणजे सहा मिलिलिटर. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये २५० असते, म्हणजे तीन मिलिलिटर. ‘सहा मिली’ लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतले सहा मिलिलिटर दिले तर चौपट डोस जातो, आणि या औषधाचा अतिरेक यकृत सोसत नाही. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्ल या दुखण्यात देऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्यांनी मूत्रपिंडाला इजा होते, आणि डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो; तो नसल्याची खात्री अजून झालेली नसते.

खाणे बंद करू नका. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे, आईला स्वतःला कोरोना असेल तरीही. तिने मास्क लावावा, हात धुवावेत. मोठ्या मुलाला पेज, मऊ खिचडी, वरणभात, दही, ताक, केळे, नाचणीची आंबील, जे तो खाईल ते थोडे थोडे. लॅक्टोजविरहित दुधाची पावडर पहिल्या आठवड्यात लागत नाही. जुलाब चौदा दिवसांपुढे गेले किंवा शीच्या जागेची कातडी सोलवटली तर तो विचार करायचा.

एका घरगुती उपायाबद्दल स्पष्ट सांगणे भाग आहे. जुलाबांवर जायफळ उगाळून चाटवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. जायफळाने गुंगी येते. बाळ शांत झोपले म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो की ही झोप जायफळाची की पाणी कमी पडल्याची. सुस्ती हे धोक्याचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे, ते झाकून टाकणारी कोणतीही वस्तू नको. आधीच दिले असेल तर न संकोचता डॉक्टरांना सांगा, कोणी रागावणार नाही.

मूल उठवूनही नीट जागे होत नाही, काही पीत नाही, सहा ते आठ तासांत लघवी नाही, हातपाय गार आहेत, उलटी हिरवी आहे, शीत रक्त आहे, पोट फुगून टणक झाले आहे, श्वास जोरात चालतो आहे: यांतले एकही दिसले तर घरचे उपाय थांबवून निघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा. जोरात आणि खोल श्वासाबद्दल दोन शब्द. छातीच्या खालच्या भागातला न्यूमोनिया मुलांमध्ये पोटदुखी म्हणून समोर येतो. आणि उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, शरीर कोरडे पडलेले असूनही लघवी भरपूर, असे चित्र असेल तर तो नव्याने उद्भवलेला मधुमेह असू शकतो. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर पाहायला मिनिटभर लागतो. ती तपासणी अशा प्रत्येक मुलाची व्हावी, असा माझा आग्रह असतो. तान्ह्या बाळाने थांबून थांबून, पाय पोटाशी घेऊन किंचाळणे आणि मग लालसर जेलीसारखी शी करणे म्हणजे आतड्यात आतडे अडकणे. कोरोनाच्या संसर्गातही अशी बाळे आढळली आहेत. ती सोनोग्राफीची आणि शल्यचिकित्सकाची बाब आहे, आणि ती त्याच तासाची.

दुसरे दुखणे: दोन ते सहा आठवड्यांनी येणारे

एप्रिल २०२० च्या शेवटी इंग्लंडमधल्या डॉक्टरांना इशारा गेला: मुले ताप, पोटदुखी आणि ढासळत्या रक्तदाबासह अतिदक्षता विभागात येत आहेत. मे महिन्याच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची व्याख्या जाहीर केली. त्याला एमआयएस-सी म्हणतात. अनेक अवयवांना एकदम सूज आणणारा मुलांचा आजार. विषाणू मारून झाल्यावरही प्रतिकारशक्ती थांबत नाही, उलट भडकते. बॉस्टनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये असे मांडले की यातल्या काही मुलांच्या आतड्यात विषाणूचे अवशेष आठवडेच्या आठवडे राहतात, अस्तर सैल होते आणि तिथून विषाणूची प्रथिने रक्तात झिरपत राहतात. म्हणजे आगीचा उगमच आतड्यात असू शकतो. यामुळेच असेल, या आजारात पोटाची लक्षणे जवळजवळ सगळ्यांनाच असतात. अमेरिकेत २०२० मध्ये अभ्यासलेल्या १८६ मुलांपैकी ९२ टक्क्यांना ती होती. श्वासाची लक्षणे त्यांच्या मानाने कमी.

ओमायक्रॉन आल्यापासून हा आजार बराच कमी झाला आहे. आज बहुतेक मुलांना आधीचा संसर्ग किंवा लस यांमुळे थोडीफार ढाल आहे. पण विरळ झालेले दुखणे डॉक्टरांच्याही मनातून उतरते, आणि त्यात वेळ जातो.

वय हा पहिला धागा. साध्या विषाणूजन्य जुलाबांचा जोर पाच वर्षांखाली असतो, एमआयएस-सी जास्त करून आठ-नऊ वर्षांच्या आसपास दिसतो. शाळकरी मुलाला तीन दिवस १०१-१०२ च्या वर ताप, विव्हळायला लावणारी पोटदुखी, डोळे लाल पण चिकट नाहीत, ओठ लाल आणि भेगाळलेले, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले, आणि महिन्याभरापूर्वी घरात कोरोना किंवा कोणाला नुसती ‘व्हायरल सर्दी’: असे असेल तर थांबू नका. जुलाबांच्या मानाने मूल जास्त गळून गेले आहे, हा दुसरा धागा. दिवसातून तीन पातळ शी होऊन एखादे मूल उठून बसू शकत नसेल, तर अशक्तपणाचे कारण जुलाब नव्हेत.

पोटदुखी उजव्या बाजूला खाली असते तेव्हा अपेंडिक्सची शंका येते आणि काही मुले ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचतात. सोनोग्राफी करणाऱ्याने इथे शांतपणे पाहायला हवे. एमआयएस-सीमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत जाड झालेली, आतड्याभोवतीच्या गाठी वाढलेल्या, पोटात थोडे पाणी, पित्ताशयाची भिंत सुजलेली असे दिसते, आणि अपेंडिक्स मात्र नीट असते. याउलट या आजारात खरोखरचे अपेंडिसायटिसही झालेले आढळले आहे. म्हणून शल्यचिकित्सकाला दूर ठेवायचे नाही. फक्त भूल देण्याआधी हृदयाची तपासणी व्हावी, कारण पंपिंग कमी झालेल्या हृदयाला भूल सोसत नाही.

रक्ततपासण्यांत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सोडियम, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या पहिल्या फेरीत. सीआरपी ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, सोबत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हजाराच्या खाली, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली किंवा सोडियम १३५ च्या खाली, यांपैकी काही असेल तर दुसरी फेरी: ट्रोपोनिन आणि बीएनपी (हृदयाची इजा व ताण दाखवणाऱ्या), फेरिटिन (सुजेची), डी-डायमर (रक्त गोठण्याची), ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी). आपल्याकडच्या बहुतेक लॅब सीआरपी प्रति लिटरमध्ये देतात. तिथे हीच मर्यादा ५० होते. एकक न पाहता ‘५ च्या वर आहे’ म्हणून घाबरणारे आणि ‘५५ म्हणजे थोडेच वाढले’ म्हणून निर्धास्त राहणारे दोघेही चुकतात. कोरोना अँटिबॉडीची चाचणी आता फारशी मदत करत नाही. जवळपास प्रत्येक मुलाच्या रक्तात त्या असतातच, त्यामुळे त्या आहेत म्हणून एमआयएस-सीच, असे म्हणता येत नाही.

आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतरचे महिने असतील तर निदान आणखी अवघड. डेंग्यूत ताप, उलट्या, पोटदुखी, प्लेटलेट कमी, पित्ताशय सुजलेले, पोटात पाणी: जवळपास तेच चित्र. टायफॉइड, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप), लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) हेही रांगेत. डेंग्यूत हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) चढते आणि सीआरपी सहसा फार नसतो. एमआयएस-सीत सीआरपी खूप वाढलेला आणि हृदयाच्या चाचण्या बिघडलेल्या. स्क्रब टायफसची काळी खपली काखेत, जांघेत, कानामागे लपलेली असते, कपडे उतरवून शोधल्याशिवाय सापडत नाही. डेंग्यूची एनएस-१ चाचणी, रक्ताचे कल्चर (जिवाणू शोधण्याची तपासणी), स्क्रबची चाचणी हे सगळे स्टेरॉइड सुरू करण्याआधी पाठवलेले बरे. मूल शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेले, असेल तर मात्र निकालांची वाट न पाहता अँटिबायोटिक आणि उपचार सोबतच सुरू होतात.

आता सलाईनबद्दल, कारण इथे भल्या हेतूने इजा होते. जुलाबांनी तीव्रपणे कोरड्या पडलेल्या मुलाला ठरलेल्या पद्धतीने किलोमागे १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट हे सलाईन देतात: वर्षाखालच्या बाळाला ३० मिलिलिटर तासाभरात आणि ७० पुढच्या पाच तासांत, मोठ्याला ३० अर्ध्या तासात, ७० अडीच तासांत. कोरड्या शरीराला ते जीवदान आहे. पण ज्याच्या हृदयाच्या स्नायूला सूज आहे त्याला हेच दिले तर फुप्फुसात पाणी भरते. हातपाय गार आणि नाडी वेगवान दोन्हींत असते. म्हणून तारीख आणि बाकीची लक्षणे एमआयएस-सीकडे बोट दाखवत असतील तर किलोमागे ५ ते १० मिलिलिटर द्यायचे, थांबायचे, यकृत खाली उतरले का, छातीत घरघर आली का, ऑक्सिजन घसरला का हे पाहायचे, मगच पुढचे. एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब ‘७० अधिक वयाची दुप्पट’ यापेक्षा खाली असेल, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा ८० च्या खाली, तर आणखी सलाईन ओतत बसण्यापेक्षा ॲड्रेनालिनसारखे रक्तदाब सावरणारे औषध लवकर सुरू करून अतिदक्षता विभागात हलवणे शहाणपणाचे. लहान गावात इको मिळत नसेल तर पाठवण्याच्या चिठ्ठीवर आतापर्यंत किती सलाईन दिले ते मिलिलिटरमध्ये लिहा. पुढच्या डॉक्टरला त्या आकड्याइतकी उपयोगाची दुसरी माहिती नसते.

उपचारात आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या, शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी) किलोमागे २ ग्रॅम आणि मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम. हृदय कमजोर असेल तर आयव्हीआयजी दोन दिवसांत विभागून, कारण तेही शेवटी मोठे द्रवच. आयव्हीआयजी फार महाग आहे आणि प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. ते येईपर्यंत स्टेरॉइड अडवून ठेवू नये. कमी मात्रेचे ॲस्पिरिन, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी देतात, पण प्लेटलेट ८० हजारांच्या वर असल्याशिवाय आणि डेंग्यू नाकारल्याशिवाय नाही. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलांचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो आणि पोटदुखीही त्याच्यासोबत जाते. आतड्याच्या भिंतीची सूज बहुधा मागे काही न ठेवता ओसरते.

यकृताबद्दल थोडक्यात. दोन्ही दुखण्यांत एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी रक्तचाचणी) थोडे वाढते आणि आपोआप उतरते. डोळे पिवळे, लघवी गडद, सततची मळमळ असेल तर हिपॅटायटिस ए आणि ई आधी तपासा. आपल्याकडे कावीळ बहुतेक वेळा त्यांचीच. २०२२ मध्ये स्कॉटलंडपासून सुरू झालेल्या मुलांच्या अनाकलनीय हिपॅटायटिसच्या बातम्यांत कोरोनाचे नाव आले होते, पुढे तो धागा मुख्यतः एएव्ही-२ या वेगळ्याच विषाणूकडे गेला. वरच्या पोटातून पाठीत जाणारी, वाकून बसल्यावर कमी होणारी वेदना असेल तर लायपेज तपासून स्वादुपिंडाची सूज पाहावी. ती विरळ आहे, पण आहे.

एमआयएस-सीमधून बरे होऊन मूल घरी आल्यावर टू-डी इको एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी करायचा असतो. हृदयाला इजा झाली असेल तर धावणे, स्पर्धा, पोहणे तीन ते सहा महिने बंद. पोटात कुरकुर आणि भूक कमी हे काही आठवडे राहू शकते, वजन दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर पाहा. आयव्हीआयजी दिले असेल तर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढे ढकलावी लागते, कारण बाहेरून दिलेल्या अँटिबॉडी ती लस निकामी करतात. बाकीच्या लशी वेळेवर चालतात, आणि ॲस्पिरिन चालू असताना फ्लूची लस तर घ्यावीच. आयव्हीआयजीची तारीख आणि मात्रा लसीकरणाच्या कार्डावर शाईने लिहून घ्या. डिस्चार्जचे कागद वर्षभरात हरवतात आणि लस टोचणाऱ्या परिचारिकेसमोर तेवढे कार्डच असते.